वास घेऊन खात्री करावी

मी एक जुनी सुरक्षा पुस्तिका आहे. पिवळे कव्हर, एकशे बारा पाने, वरच्या कोपऱ्यात भोक आणि त्यातून ओवलेली सुतळी, असे माझे रूप. मित्रांनो, तुम्ही मला कुठल्या दुकानात पाहिले नसेल, कारण मी विकायला नव्हतेच. मी तेलाच्या डेपोत कामाला होते. तिथे जमिनीखालच्या नळातून कच्चे तेल येते, तीन मजली घराएवढ्या उंच गोल टाक्यांत साठते आणि टँकर भरून पुढे जाते. अशा जागी एक ठिणगी, एक चुकीचा व्हॉल्व्ह किंवा भलत्या ठिकाणी घेतलेला एक श्वास माणसाला पुरे होतो. म्हणून माझी गरज पडली.

मला लिहिले ते निवृत्तीला आलेल्या एका इंजिनिअरने. माणूस मोठा चिकित्सक. प्रत्येक वाक्य कागदावर उतरले की तो यार्डात जायचा आणि लिहिले तसे स्वतः करून बघायचा. जमले तर वाक्य ठेवायचा, नाहीतर खोडायचा. माझ्या तेविसाव्या पानावर त्याने लिहिले होते, “व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरण्यापूर्वी झाकण काढून अर्धा तास हवा खेळू द्यावी. नंतर वास घेऊन खात्री करावी.” त्या काळी डेपोत येणारे तेल सौम्य होते, त्यात गंधक नावापुरते. इंजिनिअरने सात वेळा तसे करून पाहिले आणि सातही वेळा तो हसत वर आला. तेव्हा ते वाक्य खरेच होते.

छापून आल्यावर माझ्या दोनशे बहिणी डेपोभर पांगल्या. मी पंपघराच्या वाट्याला आले.

पंपघराचा मुख्य होता मामा. त्याचा सख्खा भाचा त्याच डेपोत फिटर होता आणि तो ‘मामा, मामा’ करत फिरायचा, म्हणून हळूहळू हा माणूस साऱ्या डेपोचाच मामा झाला. अगदी साहेबही त्याला मामाच म्हणत. पहिल्या वर्षी मामाने मला अक्षरशः पिंजून काढले. जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी मी उघडी असे. दुसऱ्या वर्षी त्याला माझे पानन् पान पाठ झाले. नवा माणूस आला की मामा त्याला समोर उभा करायचा, डोळे मिटायचा आणि घडाघडा म्हणून दाखवायचा. “पान एकेचाळीस, ओळ तिसरी!” लोक टाळ्या वाजवायचे. एकदा बाहेरून तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी मामाची पाठ थोपटली. त्या दिवशी मीही फुगले, खोटे कशाला सांगू?

पण ज्याला सगळे पाठ असते तो पुस्तक कशाला उघडील? मामा मला उघडेनासा झाला. कामाच्या जागी पुस्तिका हवी, असा नियम होता, म्हणून तो मला काखेत मारून सगळीकडे न्यायचा मात्र. उकडले की माझाच पंखा करून वारा घ्यायचा. चहाचा पेला माझ्यावर ठेवायचा. एक वर्षभर तर मी डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली होते. मला राग आला नाही. माझे शब्द मामाच्या तोंडी आहेत, मग पाने बंद असली तर बिघडले कुठे, असे मला वाटे.

पुढे तेल बदलले.

नळ तोच, टाक्या त्याच, पण आता तेल दुसऱ्या ठिकाणच्या विहिरींचे येऊ लागले. रंगाने तसेच काळे. त्यात गंधक मात्र भरपूर होते. अशा तेलातून एक विषारी वायू सुटतो. त्याला कुजलेल्या अंड्यांसारखा वास येतो. वरच्या कचेरीने ताबडतोब दुरुस्तीचा एक कागद काढला आणि कारकुनाकडून सगळीकडे वाटला. कारकून पंपघरात आला तेव्हा मामाच्या एका हातात चहा होता. कारकुनाने वही पुढे केली. वहीत लिहिले होते, ‘वाचले व समजले’. मामाने दुसऱ्या हाताने सही ठोकली. कारकुनाने तो कागद माझ्या तेविसाव्या पानाला टाचणीने टोचला, मला मिटले आणि तो पुढच्या खोलीत गेला.

त्या कागदावर काय होते ते ऐका.

“यापुढे खड्ड्यात उतरण्यापूर्वी गॅस मीटर दोरीने तळापर्यंत सोडून वायू मोजावा. हा वायू हवेपेक्षा जड असून तळाशी साचतो. तो फार वाढला की नाकाला वास येणेच बंद होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजू नये. आत कोणी पडल्यास, हवेची टाकी पाठीवर घेतल्याशिवाय कोणीही खाली उतरू नये.”

पाच महिने तो कागद माझ्या पोटात होता. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

कागद वाचला तो फक्त एका व्यक्तीने. टाक्यांमधल्या तेलाची पातळी मोजायला एक नवी बाई आली होती. तिला सगळे मीटरताई म्हणत. तिने पहिल्याच आठवड्यात मला पहिल्या पानापासून वाचून काढले. दुरुस्तीच्या कागदापाशी ती थांबली, तिने तो दोनदा वाचला, आणि मान हलवून मला जागेवर ठेवले. इतक्या जुन्या लोकांना हे माहीत असणारच, असे तिला वाटले. नव्या माणसाने आल्या आल्या शहाणपण कशाला शिकवायचे, असेही वाटले असेल.

तो दिवस मला अजून मिनिटामिनिटाने आठवतो. दुपारचे सव्वादोन झाले होते. चार वाजता नळातून नवे तेल यायचे होते आणि त्याआधी चार नंबरच्या टाकीत तेलाखाली साचलेले पाणी काढून टाकायला हवे होते. पाणी काढायचा व्हॉल्व्ह टाकीशेजारच्या खड्ड्यात होता, आणि तो अडकला होता. खड्डा दोन पुरुष खोल. मामाने कामाच्या परवान्यावर सही केली. फिटर पट्टा, हातमोजे, पाना घेऊन आला. झाकण काढून बरोबर अर्धा तास झाला होता. मामाने घड्याळात पाहिले, खड्ड्यावर वाकून नाक फुगवले.

“येतोय थोडा वास,” तो म्हणाला. “जरा थांब.”

दोघे थांबले. फिटरने त्या वेळात घरची गोष्ट काढली. त्याच्या मुलीला शाळेच्या नाटकात झाडाचे काम मिळाले होते आणि ती घरातही हलेनाशी झाली होती. मामा हसला. मी त्याच्या काखेत हलले.

“चल, मी जातो मामा. चार वाजता तेल यायचंय.”

फिटर शिडीवर उतरू लागला. पाच पायऱ्या उतरला आणि खालून त्याचा आवाज आला. “मामा, आता नाही येत वास!”

“बघ! म्हटलं होतं ना? मोकळा झाला खड्डा.”

मित्रांनो, माझ्या पोटातला कागद त्या क्षणी निखाऱ्यासारखा झाला. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजू नये. समजू नये. समजू नये!

तेवढ्यात टाकीवरून पातळी मोजून मीटरताई जिना उतरत होती. उघडे झाकण पाहून ती वाट वाकडी करून आली.

“मामा, मीटर तळापर्यंत सोडला होता ना?”

“अगं, तीस वर्षं हे नाकच माझा मीटर आहे.”

तिचा चेहरा उतरला. “पण तो दुरुस्तीचा कागद...”

“कुठला कागद?”

खड्ड्यात पाना पडल्याचा आवाज आला. लोखंडावर लोखंड, एकदाच. मग काहीच नाही.

“काय रे, काय पडलं?” मामा ओरडला. उत्तर आले नाही. तो वाकला. भाचा शिडीच्या पायथ्याशी बसल्यासारखा पडला होता, पाठ शिडीला, मान छातीवर. मामाने मला फेकून दिले. मी खडीवर उपडी पडले. त्याचा एक पाय शिडीवर गेलेला मला दिसला.

मीटरताईने मागून त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि सगळे अंग मागे टाकले. दोघे खडीवर आपटले.

“सोड! सोड म्हणतो ना! बहिणीचा मुलगा आहे माझा!”

“उतरलात तर दोघं जाल!”

“जाऊ दे मला!”

“नाही सोडणार!” ती त्याच्या पायांवर बसली. एका हाताने पट्टा धरला आणि दुसऱ्या हाताने वॉकीटॉकी तोंडाशी नेला. “टाकी चार! खड्ड्यात माणूस पडलाय! हवेच्या टाक्या पाठीवर घालून या. तसं कुणीही येऊ नका. पुन्हा सांगते, तसं कुणीही येऊ नका!”

भोंगा वाजला. मामा तिला शिव्या देत होता, हात जोडत होता, पुन्हा शिव्या देत होता. आयुष्यात कुणाला अरे-तुरे न करणाऱ्या त्या बाईने त्याला दटावले, “गप्प बस मामा! श्वास वाचव, त्याला हाका मार!” मग मामा खडीवर पालथा पडल्या पडल्या हाका मारू लागला. भाच्याला तो घरच्या लाडक्या नावाने हाक मारत होता, ‘गोट्या, ए गोट्या’. छत्तीस वर्षांच्या बाप्याला.

अग्निशमन पथकाचे दोघे जण पाठीवर टाक्या आणि तोंडावर मुखवटे लावून धावत आले. एक उतरला, एकाने दोर धरला. भोंगा सुरू झाल्यापासून साडेचार मिनिटांनी फिटर वर आला. ओठ निळे पडले होते. त्याला वाऱ्याच्या दिशेला नेऊन निजवले, तोंडावर पिशवीचा मुखवटा धरून हवा दाबू लागले. मी मोजत होते. एकोणीस वेळा पिशवी दाबली तेव्हा त्याची छाती स्वतःहून हलली.

तो वाचला. अकरा दिवस इस्पितळात होता. घरी आला तेव्हा त्याच्या हातांत पूर्वीचेच कसब होते, पण तोल गेला होता. चालताना काठी लागे आणि शिडी तर कायमची सुटली. त्याची बायको मामाशी दोन महिने बोलली नाही. मामाची बहीण बोलली. ती एवढेच म्हणाली, “दादा, तू होतास ना रे तिथे?” हे मला मामाने चौकशीच्या खोलीत सांगितलेल्या हकिकतीवरून कळले.

चौकशी डेपोच्या सुरक्षा अधिकारी बाईंकडे होती. टेबलावर मी होते, शेजारी ती सह्यांची वही. बाईंनी माझे तेविसावे पान उघडले, कागदाची टाचणी काढली आणि कागद मामापुढे सरकवला. मामाने चष्मा लावला. वाचायला त्याला खूप वेळ लागला. मग त्याने वहीतली आपली सही पाहिली. तिच्यावरून बोट फिरवले.

मीटरताई शेजारी बसली होती. “मी वाचला होता,” ती म्हणाली. “मला वाटलं, सगळ्यांना माहीत असेल. मी विचारायला हवं होतं.”

बाईंनी पेन खाली ठेवले. “कागद कचेरीतून काढून मी गप्प बसले,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक पंपघरात जाऊन सांगायला मला कुणी अडवलं होतं?”

त्या खोलीत चौथी अपराधी मी होते. चुकीचे वाक्य तर माझ्याच पानावर होते.

त्यानंतर बाईंनी नवी पुस्तिका लिहायला घेतली. या वेळी त्या कचेरीत बसून राहिल्या नाहीत. पंपघर, टँकर भरायची जागा, अग्निशमन शेड, सगळीकडे वही घेऊन हिंडल्या. फिटरच्या घरीही गेल्या. खड्ड्याचे पान, याही वेळी तेविसावेच, त्याने सांगितले आणि बाईंनी उतरवून घेतले. सात महिन्यांनी पुस्तिका छापून आली. निळे कव्हर, मोठी अक्षरे, पानोपानी चित्रे.

ती सगळ्यांच्या हाती द्यायचा दिवस ठरला. उपाहारगृहात बाके मांडली. शंभर-सव्वाशे माणसे जमली, फिटरसुद्धा पुढच्या बाकावर काठी टेकून बसला होता. बाईंनी मला आणि नवीला शेजारी शेजारी ठेवले. माझ्या कव्हरवर ‘रद्द’ असा लाल शिक्का होता. साहेब दोन शब्द बोलले, मग बाई बोलू लागल्या. तेवढ्यात लोक घड्याळाकडे बघू लागले. मागे कुणीतरी जांभई दिली. “अजून एक पुस्तक,” कुणी पुटपुटले. इकडे सह्यांचा कागद बाकावरून बाकावर सरकत होता. नवी पुस्तिका मिटलेली मांडीवर, कागदावर सही, कागद पुढे. पुन्हा सही, पुन्हा पुढे. कागदाच्या डोक्यावर तेच होते, ‘वाचले व समजले’.

कागद मामापाशी आला. मामाने पेन घेतले, टोपण काढले आणि परत लावले. तो उभा राहिला.

“मी सही करणार नाही.”

बाई थांबल्या. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. “मामा, काही अडचण असेल तर नंतर बोलू. माझ्या केबिनमध्ये या.”

“नंतर नको, साहेब.” मामाने पेन बाकावर ठेवले. “अशी सही मी एकदा केली आहे. चहा पिता पिता. वाचलं नव्हतं. समजलं तर त्याहून नव्हतं. हा पुढे बसलाय तो माझा भाचा. त्याला मी सांगितलं, खड्डा मोकळा झाला. माझं सगळं पाठ होतं ना!”

मामाने सह्यांचा कागद वर धरला.

“आत्ता या कागदावर चाळीस सह्या झाल्यात,” मामा म्हणाला. “चाळिसांतल्या एकाने उभं राहून सांगावं, तेविसाव्या पानावर काय आहे?”

कुणी उठले नाही. मला फिटरकडे बघवेना. त्याने मामाकडे पाठ करूनच बसणे पसंत केले होते, आल्यापासून. आता तो काठीवर जोर देऊन उभा राहिला आणि वळला. सगळ्यांना वाटले, आता हा काय बोलतो.

“मामा, बसा,” तो म्हणाला. “मी वाचून दाखवतो. ते पान माझंच आहे.”

आणि त्याने वाचले. अडखळत, पण शेवटपर्यंत वाचले. बाईंनी सह्यांचा कागद मागवून घेतला आणि सगळ्यांसमोर फाडला. त्या म्हणाल्या, “पान पहिलं उघडा. न कळेल तिथे मला थांबवा.”

अर्ध्या तासाची सभा तीन तास चालली. लोकांनी बाईंना सळो की पळो करून सोडले. भोंगा दोनदा वाजला तर काय? पाहुणा सोबत असला तर काय? ‘ताबडतोब’ म्हणजे किती मिनिटे? बाई उत्तरे देत होत्या, नसेल तिथे “मला माहीत नाही, बघून सांगते” म्हणत होत्या. शेवटी एक टँकर चालवणारी बाई उठली. डेपोत ती फारशी कुणाशी बोलत नसे.

“हे पान साठ,” ती म्हणाली. “आग लागली तर टँकरवाल्यांनी मागच्या दरवाजाने बाहेर पडायचं, असं चित्र आहे. पण त्या दरवाजाला कुलूप असतं.”

“नसतं,” साहेब म्हणाले. “तो उघडाच असायला हवा, तसा आदेश आहे.”

“आदेश असेल साहेब. कुलूपही आहे.”

बाईंनी आम्हा दोघी पुस्तिकांना उचलून काखेत घेतले. “चला, बघू.”

सगळी सभा उठून यार्डातून निघाली. मागच्या भिंतीला लोखंडी दरवाजा होता आणि त्याला मुठीएवढे, गंजून लाल झालेले कुलूप. पहारेकऱ्याने किल्ल्यांचा जुडगा तीनदा तपासला. एकही लागेना. साहेबांनी दरवाजा हलवून पाहिला. त्यांच्या मागे शंभर माणसे उभी होती, भिंत आणि टाक्या यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत. खरोखरीच्या आगीत ती इथेच येऊन अडकली असती. हे सर्वांच्या एकाच वेळी लक्षात आले असावे, कारण मागची माणसे आपोआप दोन पावले मागे सरली.

“करवत आणा,” फिटर म्हणाला. “लोखंड कापायची. आणि बसायला स्टूल.”

“थांब,” मामा म्हणाला. “परवाना?”

एवढ्या ताणातही लोक हसले. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी नव्या पुस्तिकेतले पान काढून मोठ्याने वाचले. मीटरताईने वायू मोजला, खाली, मध्ये, वर, आणि आकडे ओरडून सांगितले. अग्निशमनवाल्याने पाण्याचा पाइप आणून ठेवला. मग परवाना मामापुढे आला. त्याने तो ओळ न् ओळ वाचला. दोन ठिकाणी प्रश्न विचारले. त्यानंतरच सही केली.

फिटरने स्टुलावर बसून कुलूप कापले. दहा मिनिटे लागली. मामा त्याच्यासाठी कुलूप धरून उभा होता. दोघे एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत, पण करवत अडली की मामा कुलूप थोडे वळवायचा आणि फिटर पुन्हा चालू करायचा. कुलूप तुटून पडले. दरवाजा करकरत उघडला आणि टँकरवाली बाई पहिली बाहेर जाऊन आली. बाईंनी नव्या पुस्तिकेच्या साठाव्या पानावर पेनने लिहिले, ‘दरवाजा रोज सकाळी उघडून पाहावा’. नवी पुस्तिका अजून एका दिवसाचीही नव्हती आणि तिच्यात पहिली दुरुस्ती झाली होती. तिला वाईट वाटले नसावे, असे मला वाटते. मला तर तिचा हेवा वाटला.

माझ्या बहिणी त्याच आठवड्यात कापायच्या यंत्रात गेल्या. मी चौकशीच्या फायलीला जोडलेली, म्हणून राहिले. आता बाईंच्या कपाटात असते. कपाटाचे दार उघडले की यार्डातले बोलणे थोडे ऐकू येते.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या जिन्यापाशी, प्रयोगशाळेच्या दारावर, घरातल्या गॅसच्या शेगडीसोबत माझ्यासारखे काही ना काही असेलच. एखादा फलक, एखादे पातळ पुस्तक. ते नुसते टांगून ठेवू नका. वाचा. ते जुने झाले असेल, त्यात चूक असेल, तर मोठ्यांना सांगा. मोठे म्हणतील, आम्हाला माहीत आहे. तरी सांगा. हसतील. पुन्हा सांगा.